बाजारातील शून्य आणि घरातील शून्य

तासगावच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद राहतात. बाहेरगावच्या वाचकांना हा सणाचा आराम वाटेल. वस्तुतः व्यापारी वर्षातील ते सर्वांत धावपळीचे दिवस असतात. त्या काळात खरेदीदाराने अडत्याचे आणि अडत्याने शेतकऱ्याचे देणे संपूर्ण चुकते करावयाचे असते. सांगली व तासगाव या दोन्ही पेठांत या प्रथेला ‘झिरो पेमेंट’ असेच नाव आहे. बाकी शून्यावर आली की मुहूर्ताने सौदे पुन्हा सुरू होतात. उधारीवर चालणाऱ्या व्यापाराने स्वतःला घालून घेतलेला हा वार्षिक नियम मला नेहमीच कौतुकास्पद वाटत आला आहे. मात्र बँकेत कर्जखाती हाताळताना एक विसंगती वारंवार दृष्टीस पडे. बाजारातील बाकी शून्यावर आणणाऱ्या अनेक घरांची घरातील बाकी त्याच महिन्यात वाढलेली असे आणि तिच्या मुळाशी पुष्कळदा मुलांच्या शिक्षणाची फी असे.

हे कसे घडते, ते आपल्या व्यापाराच्या ऋतुचक्रात पाहावे लागेल. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. बेदाणा फेब्रुवारीपासून उन्हाळाभर तयार होतो. व्यापारी या काळात माल भरतो, तो शीतगृहात ठेवतो आणि सणासुदीच्या मागणीप्रमाणे काढतो. म्हणजे उन्हाळ्यात पैसा मालात गुंततो आणि दसरा-दिवाळीकडे मोकळा होऊ लागतो. इकडे बारावीचा निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या जुलैपासून सुरू होतात. फी, वसतिगृहाची अनामत, लॅपटॉप, पुण्यातील खोलीचे भाडे, हे सर्व नेमके अशा वेळी पुढ्यात येते, की जेव्हा घराचा पैसा शीतगृहातील खोक्यांत बंद असतो. हळदीच्या, किराण्याच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्याने महिने बदलून वाचावे. अडचण तीच आहे.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यावरचा धनादेश. तो वटतो, मुलाचा प्रवेश होतो, घरात पेढे वाटले जातात. बँकेच्या दृष्टीने मात्र तेथेच गाडी रुळावरून घसरलेली असते. सीसी ही माल व उधारीच्या तारणावर दिलेली, फिरती राहावयाची रक्कम आहे. त्या पैशाने माल घेतला तर माल विकून पैसा परत खात्यात येतो. फी भरली तर खात्यात काहीच परत येत नाही. मालसाठा तेवढाच राहतो आणि नावे बाकी वाढते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे चार वेळा घडले की खाते मर्यादेला चिकटून बसते. मालाच्या प्रमाणात ठरणारी उचलमर्यादा अपुरी पडू लागते, दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये आकडे ‘बसवण्याचा’ मोह होतो आणि त्या मोहाचा शेवट चांगला होत नाही. शिवाय फीसाठी वापरलेल्या रकमेवरील व्याज हा धंद्याचा खर्च नव्हे, त्यामुळे आयकरातही त्याची वजावट मागता येत नाही.

आता दिवाळी येते. बाजारात शून्य करावयाचे, पण सीसीत जागा नाही. मग ओळखीच्या माणसाकडून शेकडा दीड-दोन रुपयांनी हातउसने घेतले जाते. शेकडा दीड हा शब्द कानाला हलका लागतो. वर्षाचे ते अठरा टक्के होतात आणि दोन रुपयांचे चोवीस. बाजाराच्या वहीत शून्य दिसते, परंतु ते देणे घरात स्थलांतरित झालेले असते. पुढील वर्षी फीचा दुसरा हप्ता येतो तेव्हा हे अठरा टक्के दाराशी उभे असतातच.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या घरावर आधीच महाग देणे आहे त्या घराने मुलांची फी रोखीने किंवा सीसीतून भरण्याचा अभिमान बाळगू नये. शिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे आणि घरातून निघणारी शिल्लक महाग देणे फेडण्याकडे वळवावी. अनेक वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. ‘मुलाच्या डोक्यावर आत्ताच कर्ज कशाला?’ हा त्यांचा प्रश्न प्रेमाचा आहे, परंतु हिशोबाचा नाही. ते कर्ज मुलाच्या नावावर दिसत नाही म्हणून नाहीसे होत नसते. ते वडिलांच्या नावावर दुप्पट दराने चालू राहते आणि कालांतराने मुलाकडेच येते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा घरावर शेकडा दीड दराचे पाच लाखांचे हातउसने आहे आणि घरखर्च व नियमित हप्ते भागून महिन्याला ४०,००० रुपये शिल्लक राहतात. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वर्षाला १,७५,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत सात लाख. शिलकीतूनच फी भरली तर हातउसने फिटण्यास सुमारे चोवीस महिने लागतात. फीसाठी दहा टक्के दराचे कर्ज घेऊन संपूर्ण शिल्लक हातउसन्याकडे वळवली, तर ते चौदाव्या महिन्यात संपते. पंधराव्या महिन्यापासून घरावर अठरा टक्क्यांचे देणे नाही, दहा टक्क्यांचे आहे, आणि हातात महिना ४०,००० रुपये मोकळे आहेत.

येथे थांबून चालत नाही. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतर सामान्यतः एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज मात्र चालूच असते, या काळापुरते ते सरळव्याजाने आकारले जाते. वरील उदाहरणात दरवर्षी १,७५,००० उचलले आणि व्याज भरलेच नाही, तर पाच वर्षांअखेर व्याजच २,४५,००० रुपये होते. देणे ९,४५,००० वर जाते आणि दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता सुमारे १२,५०० रुपये पडतो. व्याज दरमहा भरत राहिल्यास मुद्दल सात लाखच राहते आणि हप्ता सुमारे ९,२५० रुपये. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला दीड हजाराच्याही आत आहे. घरातून मुलीला पाठवला जाणारा महिन्याचा खर्च याहून कितीतरी अधिक असतो, तेव्हा हे अशक्य नाही. या काळात व्याज नियमित भरणाऱ्यास अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. मंजुरीपत्रात ती अट लिहून आली आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण व स्वतःचा हिस्सा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण असल्यामुळे पात्र कर्जांना मालमत्तेचे तारण मागितले जात नाही. त्यापुढे मात्र ते द्यावे लागते. व्यापारी घरांनी येथे सावध असावे. राहते घर पुष्कळदा आधीच सीसीसाठी गहाण असते, त्यामुळे परदेशी शिक्षणाच्या वीस-तीस लाखांच्या कर्जाला तारण म्हणून काय द्यावयाचे, हा प्रश्न व्हिसाच्या आदल्या महिन्यात नव्हे, तर वर्षभर आधी सोडवावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळू शकते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी तीन टक्के व्याजसवलत आहे, अर्थात अन्य शिष्यवृत्ती घेत नसल्यास व संख्येच्या मर्यादेत. आयकरातील वजावट (आजवर आपण तिला ‘८० ई’ म्हणत आलो) केवळ जुन्या करप्रणालीत, केवळ व्यक्तीला आणि केवळ बँक, वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेच्या कर्जावरील व्याजासाठी मिळते. एचयूएफला ती नाही. मामाकडून घेतलेल्या पैशावरही नाही. तिची आठ वर्षे व्याज भरण्यास आरंभ केलेल्या वर्षापासून मोजली जातात.

पालक या कर्जात सहकर्जदार असतो. मुलाला नोकरी लागण्यास उशीर झाला आणि हप्ते थकले, तर डाग दोघांच्याही पतनोंदीवर पडतो आणि दुकानाच्या सीसीच्या नूतनीकरणाच्या वेळी तो समोर येतो. म्हणून कर्ज घ्यावे असे सांगताना कोणत्या शिक्षणासाठी, हेही विचारले पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील एखादी जागा केवळ शेजारच्या दुकानदाराच्या मुलाने घेतली म्हणून घेतली जाते, तेव्हा कोणतीही योजना त्या घराला तारू शकत नाही.

सोन्याबद्दल थोडेसे. फीच्या दिवसांत घरातील बांगड्या बँकेत जातात आणि वर्षअखेर केवळ व्याज भरून तेच तारण पुन्हा ठेवले जाते. असे चार वर्षे चालले की बांगड्या घरी येत नाहीत आणि व्याजही थांबत नाही. माझे मत स्पष्ट आहे. जे सोने परत सोडवण्याची तारीख सांगता येत नाही, ते तारण ठेवण्यापेक्षा विकलेले बरे. मात्र तो निर्णय ज्या स्त्रीचे ते सोने आहे तिचा असावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, हे आपल्या समाजात आदराने सांगितले जाते. त्या दागिन्यांवर व्याज चढत राहिले नाही. धान्य आले आणि मुले शिकली. लग्नाच्या हॉलसाठी कर्ज काढताना जे घर मागेपुढे पाहत नाही, त्याच घरात मुलीच्या फीसाठी सोन्याला हात लावण्यावर चार बैठका होतात, हेही पाहिले आहे.

आता सर्वांत नाजूक बाब. तीन भावांचे सामाईक दुकान आहे. थोरल्याचा मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी जातो, मधल्याची मुलगी वाणिज्य शाखेत सांगलीलाच शिकते, धाकट्याची मुले अजून शाळेत आहेत. थोरल्याच्या मुलाची फी दुकानातून जाते आणि रोजमेळात ‘घरखर्च’ म्हणून नोंदली जाते. कोणी काही बोलत नाही. दहा वर्षांनी धाकट्याच्या मुलाचा प्रवेश येतो, तेव्हा दुकानात पैसा नसतो आणि मग दहा वर्षांचे न बोललेले सारे एका रात्रीत बोलले जाते. वाटण्यांची जी भांडणे बँकेच्या दारापर्यंत येतात, त्यांत अशा न लिहिलेल्या फीचा भाग पुष्कळ असतो. उपाय वाणिज्याच्या पहिल्या वर्षात शिकवतात तोच आहे. अशी रक्कम त्या भावाच्या भांडवल खात्यावर उचल म्हणून नावे टाकावी, तीवर व्याज आकारावयाचे की नाही ते तिघांनी आधी ठरवून भागीदारी करारात लिहावे. पुढे तिघांनी एकमताने ती माफ केली तर उत्तमच. परंतु माफ करण्यासाठीसुद्धा आकडा माहीत असावा लागतो.

याच संदर्भात विधवा काकूंचे किंवा विवाहित बहिणीचे पैसे आठवतात. आपल्या पेढ्यांत असे पैसे ठेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असतात. त्यांच्याकडून तगादा येत नाही, म्हणून फेडीच्या यादीत ते सर्वांत खाली जातात आणि कधीकधी यादीतूनच जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. ठेवणाऱ्याला रकमेचा विसर पडला आणि त्याने कमी मागितले, तर गप्प राहून तेवढेच देणे, असे त्याचे विवरण टीकाकार करतात. व्याजाच्या दराने फेडीचा क्रम लावावा हे मी वर सांगितलेच. या एका प्रकारच्या देण्याला मात्र तो क्रम लागू नाही. रक्कम लगेच देता येत नसेल तर निदान ती वहीत लिहून तिची प्रत काकूंच्या हाती द्यावी.

गृहकर्ज यादीत शेवटी ठेवावे. घराची कागदपत्रे सोडवण्याची ओढ मी समजू शकतो, परंतु त्याचा दर सामान्यतः सर्वांत कमी असतो. आधी हातउसने व क्रेडिट कार्ड, मग सोनेतारण, मग सीसीतील अडकलेला भाग आणि त्यानंतर बाकीचे.

आणि ही यादी मुलांना दाखवावी. आपल्या घरांत मुलांपासून कर्ज लपवण्याची रीत आहे. त्यांचे अभ्यासात लक्ष लागणार नाही, असे कारण सांगितले जाते. अठरा वर्षांचे मूल पुण्यात खोली भाड्याने घेते, मतदान करते आणि शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर स्वतः सही करते. ज्या कागदावर त्याची सही आहे, त्याच्या शेजारचे कागदही त्याला पाहू द्यावेत. काही मुले त्यानंतर स्वतःहून शासकीय महाविद्यालयाची जागा निवडतात, काही जैन बोर्डिंगमध्ये राहण्यास राजी होतात. कर्मवीर स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले होते. तेथे राहण्यात कमीपणा काय असावा, हे मला उमगलेले नाही.

समाजातील काही ट्रस्ट परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी शिष्यवृत्ती देतात. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या अल्पव्याजी शैक्षणिक कर्जासाठीही आपली मुले अर्ज करू शकतात. दक्षिण भारत जैन सभेचे शिष्यवृत्तीचे कार्यही चालू आहे. या सर्वांसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि निकालानंतर तहसील कार्यालयात गर्दी उसळते. तो एप्रिलमध्येच काढून ठेवावा. गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे, मुलाचे बँक खाते, जातीचा किंवा अल्पसंख्याक असल्याचा पुरावा आणि सध्याच्या प्रत्येक कर्जाचा खातेउतारा एका फायलीत लावून ठेवावा. त्या फायलीच्या पहिल्या पानावर घरातील सर्व देण्यांची यादी दरासह असावी.