न खाल्लेला मेद यकृतांत येतो कोठून?

ज्या घरांत मद्याचा थेंब कधीं आला नाहीं आणि तुपाची धारही हात राखून सोडली जाते, अशा घरांतील कर्त्या पुरुषाच्या किंवा गृहिणीच्या यकृतांत मेद सांठल्याचें तपासणींत आढळलें, म्हणजे सर्वांसच आश्चर्य वाटतें. तेल-तूप तर केव्हांच कमी केलें, मग हा मेद आला कोठून? प्रश्न रास्त आहे. परंतु मेद ताटांतूनच यावयास हवा असें नाहीं. यकृत तो स्वतःही घडवितें.

भात, पोळी, साखर यांचें पचन होऊन ग्लुकोज रक्तांत उतरतें, तेव्हां स्वादुपिंडांतून इन्शुलिन स्रवतें. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें वेगळें काढलें, तेव्हांपासून रक्तांतील साखर उतरविणारें अशी त्याची ख्याति आहे. त्याचें दुसरें काम मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. यकृत प्रथम ग्लुकोजचा ग्लायकोजेनच्या रूपानें सांठा करतें. पण ही कोठी लहान. ती भरली, कीं उरलेल्या साखरेपासून मेद होऊं लागतो. हें काम करणारीं एन्झाइमें ज्या जनुकांच्या आज्ञेनें बनतात, त्या जनुकांना जागें करणारें एक प्रथिन आहे. त्याचें नांव एसआरईबीपी-१सी. इन्शुलिन वाढलें कीं हें प्रथिन वाढतें, आणि उपवासांत ओसरतें. साखरेच्या मुबलकतेनेंच जागें होणारें दुसरें प्रथिन, सीएचआरईबीपी, २००१ सालीं उजेडांत आलें.

आतां आहारांतील स्निग्ध पदार्थांकडे वळूं. ते सारे एकाच माळेचे मणी नव्हेत. करडईचें तेल, जवस, अक्रोड व मासे यांतील बहु-असंपृक्त मेदाम्लें एसआरईबीपी-१सीला लगाम घालतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. तुपांतील किंवा खोबरेल तेलांतील संपृक्त मेदाम्लांच्या अंगीं हा गुण नाहीं. म्हणजे इन्शुलिन हा चाबूक, तर विशिष्ट तेलें हा लगाम होय.

शरीर इन्शुलिनला दाद देईनासें झालें, म्हणजे खरा घोटाळा होतो. कोलेस्टेरॉलवरील कार्याबद्दल १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे डलासचे ब्राउन व गोल्डस्टाइन यांनीं २००८ सालीं या विसंगतीकडे लक्ष वेधलें. नवी साखर बनवूं नको, ही इन्शुलिनची आज्ञा यकृत धुडकावतें. मेद बनव, ही आज्ञा मात्र इमानानें पाळतें. वडिलांची एक आज्ञा मोडून दुसरी तेवढी पाळणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार. परिणामीं रक्तांत साखरही वाढते व मेदही.

२००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, अशा रुग्णांच्या यकृतांतील मेदापैकीं शेंकडा सुमारें २६ भाग यकृतानें स्वतः घडविलेला आढळला. आहारांतील मेदापासून आलेला अवघा १५ भाग होता. उरलेला बहुतेक शरीरांतील चरबीच्या सांठ्यांतून वाहून आलेला होता. भारत सरकारनेंही २०२१ मध्यें या विकाराचा असंसर्गजन्य रोगांविरुद्धच्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत समावेश केला.

यावरून गृहिणींनीं व गृहस्थांनीं काय घ्यावें? केवळ फोडणींतील तेल कमी करून भागत नाहीं. दिवसांतून चार वेळां होणारा साखरेचा चहा, सणावारांचीं पक्वान्नें व भाताचा तिसरा वाढा यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. एकादशीस साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस भरपेट खाल्ला, तर पंचांगांत उपास होतो. यकृताच्या लेखीं तो होत नाहीं. जवसाची चटणी पानांत असावी हें उत्तम. मात्र मूळचा आहार तसाच ठेवून वर तेलाची भर घालणें हा उपाय नव्हे. वजन बेतानें उतरविणें, नित्य चालणें आणि वैद्यकीय सल्ला घेणें, हींच खरीं साधनें होत. यकृत फार काळ मुकाट्यानें सोसतें. म्हणूनच त्यानें तक्रार करण्याची वाट पाहूं नये.