सळईची पकड

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघते, ते आम्हांला गणित शिकवताना उत्तरापाशी थांबत नसत. 'हे कुठून आले?' हा त्यांचा प्रश्न पुढेच असे. आपल्या शाळेच्या मागील उतारावर माती अडवण्यासाठी चार मीटर उंचीची काँक्रीटची भिंत बांधण्याचे ठरले असून तिचा नकाशा पाहण्यास मला सांगण्यात आले आहे. तेव्हा त्या भिंतीविषयीच लिहावे हे उचित वाटले.

तापीकाठच्या आपल्या शाही किल्ल्याची भिंत स्वतःच्या वजनावर उभी आहे. तिच्या पोटात सळई नाही. आजची रिटेनिंग वॉल पातळ असते. मागची माती तिला पुढे ढकलते, तेव्हा भिंतीची मातीकडील बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण उभ्या सळया घेतात. हा ताण भिंतीच्या मुळाशी, जेथे ती पायाला मिळते तेथे, सर्वांत मोठा असतो. म्हणून प्रश्न असा की, मुळापाशी ओढली जाणारी सळई पायातून उपसून का येत नाही? काँक्रीटने तिला धरून ठेवलेले असते म्हणून. ही पकड पुरेशी व्हावी यासाठी सळई जितकी आत जायला हवी, त्या अंतरास अभियंते डेव्हलपमेंट लेंथ म्हणतात. मी पकड-लांबी म्हणतो.

हिशेब दहावीच्या मुलालाही कळेल. सळईतील ओढ म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले तिच्यातील ताण. पकड म्हणजे तिच्या परिघाला लांबीने गुणून येणारे पृष्ठफळ गुणिले काँक्रीटची चिकटण्याची शक्ती. दोन्ही समान मांडा; पाय दोन्हींकडून जातो आणि उरते ते असे : लांबी = व्यास × सळईतील ताण ÷ (४ × चिकटशक्ती).

आता आकडे घालू. एफई ५०० प्रतीच्या सळईसाठी ताण ५०० च्या ०.८७ पट, म्हणजे ४३५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. एम २५ काँक्रीटची चिकटशक्ती आय. एस. ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार १.४, सळई कंगोऱ्यांची असल्याने तीत साठ टक्के वाढ, म्हणजे २.२४. सोळा मि.मी. सळईची पकड-लांबी येते ७७७ मि.मी., व्यासाच्या सुमारे साडेअठ्ठेचाळीस पट.

परंतु पायाची जाडी आहे अवघी ४५० मि.मी. खालचे आवरण आणि वळणाची गोलाई वजा जाता सळईला सरळ भाग मिळतो सुमारे ३००. म्हणून तिला काटकोनात वळवून भिंतीच्या पुढच्या पावलाकडे, ज्याला टो म्हणतात तिकडे, न्यावे लागते. मानकानुसार काटकोनी वळण व्यासाच्या आठपट लांबीचे काम करते, म्हणजे १२८. उरलेले सुमारे ३५० मि.मी. वळणानंतर सरळ जायला हवेत. नकाशात मात्र १५० दाखवले होते.

दोनशे मि.मी.साठी एवढा आग्रह का, असे कोणी म्हणेल. उमेदवारीच्या काळात मी एका रस्त्याकडेच्या भिंतीवर देखरेखीस होतो. पाऊस तोंडावर आला होता, सळया कमी पडल्या होत्या, आणि त्या न वळवता पायात नुसत्या उभ्या केल्या गेल्या. मी पाहिले, आणि काँक्रीट ओतू दिले. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत मुळातून पुढे झुकली. सुदैवाने खाली कोणी नव्हते. उकरून पाहिले तर एकही सळई तुटलेली नव्हती; सगळ्या सरकल्या होत्या. पायात जेमतेम २५० मि.मी. शिरलेली सळई वरच्या हिशेबाने आपल्या ताकदीच्या एक-तृतीयांशही वापरू शकत नाही. मग लोखंड उत्तम असून काय उपयोग?

त्यात पाणी तुंबले तर विचारूच नका. चार मीटर कोरडी माती भिंतीच्या दर मीटर लांबीला अंदाजे पाच टन रेटते. मागे काठोकाठ पाणी साचले की हा रेटा दुपटीहून अधिक होतो. जुलै २०१९ मध्ये मुसळधार पावसात मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून वीसहून अधिक माणसे गेली. पाणी निघून जाण्यासाठी भिंतीत छिद्रे आणि त्यांच्यामागे खडीचा थर हवाच. १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्याने ज्या गावाने पाण्याला जमिनीखालून वाट काढून दिली, त्या बुऱ्हाणपुरात हे वेगळे सांगावे लागू नये.

आणखी एक. पायातून वर काढलेल्या सळयांना भिंतीच्या सळया जोडताना दोन्ही एकमेकींशेजारी निदान पकड-लांबीएवढ्या चालल्या पाहिजेत. मिस्त्री येथे 'एक हात पुरे' म्हणतात, तो पुरत नाही. सळईवर तेल वा सुटा गंज असेल तर हा सारा हिशेब कागदावरच राहतो.

नकाशावरील १५० खोडून मी ३५० लिहिले आहे. पायाचे काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी सकाळी टेप घेऊन मी इतवाऱ्यात येणार आहे. नववी-दहावीच्या ज्या मुलांना सळया मोजावयाच्या असतील, त्यांनी वही घेऊन यावे.