गुंत्यातला नियम

अमोनाइट या प्राचीन समुद्री प्राण्याचा शंख म्हटलं की एकाच पातळीत वेटोळं घेत गेलेलं चक्र डोळ्यांपुढे येतं. गंडकीतल्या शाळिग्रामात दिसतं, ते हेच. निप्पोनाइटीस मात्र अमोनाइट असूनही या चक्रात बसत नाही. होक्काइडो बेटावर सापडलेल्या या प्रजातीचं वर्णन हिसाकात्सु याबे या जपानी भूवैज्ञानिकाने १९०४ साली प्रसिद्ध केलं. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला हा प्राणी. त्याचा शंख डावीकडे वळतो, उलटा फिरतो, उजवीकडे जातो, पुन्हा परततो. जणू सुतळीचा गुंताच.

नमुना विकृत असावा, अशी शंका घेतली गेली. पण पुढे तशाच घडणीचे आणखी शंख मिळाले. विकृती असती तर प्रत्येक गुंता वेगळा झाला असता. इथे वळणं ठरलेल्या क्रमाने येतात.

हा क्रम कशामुळे, याचं पुराजीवशास्त्रज्ञ ताकाशी ओकामोतो यांनी १९८८ साली दिलेलं उत्तर मला फार सुंदर वाटतं. अमोनाइटचा प्राणी शंखाच्या शेवटच्या कप्प्यात राहतो. मागचे कप्पे वायूने भरलेले, त्यामुळे शंख पाण्यात तरंगतो. तोंडाच्या कडेला नवा थर चढला की तोल बदलतो, अख्खा शंख थोडा फिरतो आणि तोंडाची दिशाही बदलते. ओकामोतोंनी संगणकाला एवढंच सांगितलं, की तोंड ठरावीक मर्यादेपेक्षा वर किंवा खाली कललं की वळण बदलायचं. पडद्यावर निप्पोनाइटीस उभा राहिला! प्राण्याला पुढचा आराखडा ठाऊक असण्याची गरजच नव्हती. तोंडाचा कल सांभाळणं पुरेसं होतं.

असे वेडेवाकडे अमोनाइट म्हणजे वंश थकल्याची, ऱ्हासाची खूण, असं एके काळी मानलं जाई. हा त्यांच्यावर अन्यायच होता. निप्पोनाइटीसच्या काळानंतरही अमोनाइट २ कोटींहून अधिक वर्षं समुद्रात होते. ते संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबर.

जपानच्या पुराजीवशास्त्र संस्थेने निप्पोनाइटीसला आपलं बोधचिन्ह केलं आहे. याबेंचा लेख १५ ऑक्टोबरचा, म्हणून तिथे तो जीवाश्म दिन.

होक्काइडोच्या त्याच खडकांत युबोस्ट्रिकोसेरास नावाचा, स्क्रूसारखा सरळ पीळ घेणारा अमोनाइट मिळतो. ओकामोतोंच्या गणितात एखादं मूल्य जरासं बदललं की या पिळाचा निप्पोनाइटीस होतो. दोघांमधले टप्पे दाखवणारे जीवाश्म शोधत बसावं लागू नये, इतका तो बदल लहान आहे.