उचलण्याआधी जरा बघा!

'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' असं आपण किती सहज हिणवतो ना! यात कार्यकर्त्याचा अपमान होतोच, पण सतरंजीचाही होतो. भजन असो, हळदीकुंकू असो की एकांकिकेची तालीम. ती पसरायची, झटकायची, गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. निरखून बघतंय कोण? आणि हीच हातमागावरची जुनी सुती सतरंजी, म्हणजे दरी, आज परदेशातले संग्राहक शोधत फिरतात. स्टीव्हन कोहेन या अभ्यासकाने १९८२ मध्ये दरीवर पुस्तक लिहिलं. नाव काय, तर 'द अनअप्रिशिएटेड धरी'. थोडक्यात, कदर न झालेली दरी!

एवढं काय आहे तिच्यात? गालिच्याला गाठींची मऊ लव असते, दरीला ती नसते. आडवा बाणा लोखंडी पंजाने ठोकून ठोकून इतका घट्ट बसवतात, की उभा ताणा दिसेनासा होतो. म्हणून ती पातळ पण दणकट, आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. त्यात निळीचा रंग असेल तर बघायलाच नको. वापरून, धुऊन तो असा काही निवळतो, की नव्या मालाला ती सर नाही.

जुन्या दऱ्यांमध्ये 'जेल दरी'चा वेगळाच रुबाब. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी कैद्यांना मागावर बसवलं. बिकानेर, आग्रा, आपलं येरवडा अशा तुरुंगांमधून सुरेख काम बाहेर पडलं. आज अशा दरीवर 'अँटिक'चं लेबल लागतं, तुरुंगाचं नावही कधीकधी सांगतात. विणणाऱ्याचं मात्र कुठेच नसतं. सुंदर वस्तू बघताना हेही आठवायला हवं.

घरची सतरंजी हातमागाची आहे का, हे कसं ओळखायचं? उलटी करून बघा. नक्षी दोन्हीकडे तितकीच ठसठशीत हवी. मागची बाजू फिकी असेल, तर बहुधा छापील माल. रेघा किंचित वाकड्या असतील तर उत्तमच, तो हाताचा पुरावा! मशीनमध्ये धुऊ नका. सावलीत वाळवा आणि घडी न घालता गुंडाळून ठेवा.

जोधपूरजवळचं सालावास, कर्नाटकातलं नवलगुंद, तेलंगणातलं वरंगळ इथे आजही दऱ्या विणल्या जातात. हॉस्टेलच्या रूमसाठी छापील रग ऑर्डर करण्याआधी एकदा त्या बघा. आणि त्याहीआधी आजीची ट्रंक उघडा. बोहारणीने दोन स्टीलच्या डब्यांवर सौदा पटवायच्या आत!