किलोच्या भावात न बसणारा केक

‘ताई, किलोला कसा?’ घरी केक करून विकणाऱ्या बाईला फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. क्रीमच्या साध्या केकला तो चालून जातो. पण लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला दोन मजली, फोंडंटने मढवलेला, वर हत्ती-जिराफ बसवलेला केक हवा असेल, तर या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. या केकमध्ये सामानापेक्षा हातकाम जास्त असतं, आणि ते वजनावर मोजता येत नाही.

फोंडंट म्हणजे पिठीसाखर, लिक्विड ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन यांचा मळून केलेला लवचीक गोळा. शाकाहारी घरांसाठी जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य डिंकाचा फोंडंट मिळतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, पुण्याच्या बोहरी आळीत तो रंगीतही मिळतो. गडद लाल आणि काळा तर तयारच घ्यावा. पांढऱ्यात रंग मळून तिथवर पोचायचं म्हटलं तर इतका रंग लागतो की गोळा चिकट होतो आणि चवीला कडवट लागतो.

1947 साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नातला चार मजली केक नऊ फूट उंच होता. तो सुक्या मेव्याचा, घट्ट केक होता आणि वर कडक रॉयल आयसिंग. आपल्याला मात्र मऊ, हलका, बहुतेक वेळा बिनअंड्याचा स्पंज हवा असतो. त्यावर दुसरा मजला नुसता ठेवला तर खालचा दबून फुटतो. म्हणून खालच्या केकमध्ये चार-पाच नळ्या किंवा काड्या त्याच्या उंचीइतक्याच कापून उभ्या खोचतात. वरचा केक त्याच्याच मापाच्या पुठ्ठ्यावर बसतो आणि तो पुठ्ठा त्या काड्यांवर. वरच्या मजल्याचा भार स्पंजवर येतच नाही. प्रवास लांबचा असेल तर दोन्ही मजल्यांतून मधोमध एक लांब दांडी घालतात.

खरी कसोटी मढवताना लागते. फोंडंटच्या आत व्हिप्ड क्रीम चालत नाही. त्यातल्या पाण्याने साखर विरघळते आणि बाजू फुगतात. म्हणून गनाश लावायचं: डार्क चॉकलेट दोन भाग तर क्रीम एक भाग, व्हाइट असेल तर तीनास एक. ते रात्रभर घट्ट होऊ द्यायचं. फोंडंट पुरणाच्या कणकेसारखा मळून मऊ करायचा, ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून चारेक मिलिमीटर जाडीचा लाटायचा आणि लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडायचा. आधी वरची कड हाताने दाबून धरायची, कारण फाटतो तो तिथेच. मग खाली उतरताना प्रत्येक चुणी बाहेर उलगडायची आणि तळहाताने वरून खाली बसवत जायचं. ओढलं की चिरलं. हे सगळं काही मिनिटांत व्हावं लागतं. वारा लागला की फोंडंट सुकतो आणि कडेला बारीक भेगा पडतात.

साखरेतल्या हातकामाची मजल कुठवर जाते हे पुण्याच्या प्राची धबल देब यांनी दाखवलंच आहे. त्यांचं माध्यम रॉयल आयसिंग. अंडं न वापरता केलेल्या आयसिंगमधून त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे 100 किलोंची प्रतिकृती उभी केली आणि 2022 मध्ये तिची विक्रम म्हणून नोंद झाली.

आता हिशोब. सहा इंच आणि आठ इंच व्यासाचे, चार-चार इंच उंचीचे दोन मजले धरा. आतला केक सुमारे तीन किलो होतो. तो मढवायला लहान मजल्याला सहाशे ग्रॅम आणि मोठ्याला आठशे ग्रॅम फोंडंट लाटावा लागतो, बाहुल्यांचा वेगळा. म्हणून ‘किलो’ म्हणताना त्यात फोंडंट धरलाय का, हे दोन्ही बाजूंनी आधी स्पष्ट करावं. उदाहरणादाखल रकमा घेऊ: सामान 2600, बोर्ड-काड्या-खोकं 500, वीज-गॅस 200, पोचवणं 500. बेकिंगपासून बाहुल्यांपर्यंत चौदा तास, तासाला 200 धरले तरी 2800. झाले 6600. त्यावर पंधरा टक्के नफा, म्हणजे साधारण 7600 रुपये. अनेकजणी यातले 2800 लिहीतच नाहीत, कारण काम घरातच होतं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. तो आकडा वगळला की उरलेल्या ‘नफ्या’त बाईची मजुरीसुद्धा निघत नाही.

खर्च कमी करण्याचे रास्त मार्ग आहेत. ऐंशी ग्रॅमचा तुकडा धरला तर तीन किलोत पस्तीस-सदतीस माणसं होतात. पाहुणे शंभर असतील तर तिसरा मजला चढवण्यापेक्षा त्याच चवीचा साधा चौकोनी केक करून आत कापून वाढावा. थर्माकोलचा खोटा मजला सामान वाचवतो, मढवण्याचे कष्ट मात्र तेवढेच, म्हणून दर निम्मा होत नाही. कंपाउंड चॉकलेट स्वस्त पडतं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. कोणतं वापरणार, हे विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

हवामानाचं भान तर हवंच. साखर हवेतला ओलावा ओढते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात फोंडंट चिकचिकतो. फ्रिजमधून काढलेल्या केकवर पाण्याचे थेंब धरतात, म्हणून खोकं लगेच उघडायचं नाही. केकच्या थरांमध्ये ताजी फळं आणि क्रीम असेल तर केक बाहेर ठेवता येत नाही. मे महिन्यातल्या अंगणातल्या समारंभाला फोंडंटच्या आत आंब्याच्या फोडी मागू नयेत.

बाहुल्या वाळायला काही दिवस लागतात, तेव्हा ऑर्डर दोन-तीन आठवडे आधी द्यावी. पाहुणे किती, हॉलला एसी आहे का, केक कापायची वेळ कोणती, लिफ्ट आहे की जिने चढायचेत, हे पहिल्याच फोनवर सांगा. बजेट कमी असेल तर तेही संकोच न करता सांगा. दोन बाहुल्या कमी करून तोच केक त्यात बसवता येतो. निम्मी रक्कम आगाऊ द्या आणि उरलेली केक हॉलवर पोचताच, पुढच्या रविवारची वाट न पाहता.