पूरपातळीचा अर्थ आणि वैनगंगेकाठची गावे

प्रस्तावना

पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून 'नदीने धोक्याची पातळी ओलांडली' अशा बातम्या येतात, आणि त्यासोबत मीटर, फूट व क्युसेक यांचे आकडे दिलेले असतात. हे आकडे वाचणारा मनुष्य नदीकाठी राहत असेल तर त्याच्यासमोर प्रश्न एकच असतो : पाणी माझ्या घरात येणार की नाही? आकडा मिळूनही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हीच आपली खरी अडचण होय. प्रस्तुत लेखात वैनगंगा खोऱ्याचे उदाहरण घेऊन हा विषय सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांसमोर मांडला आहे.

पाण्याची उंची मोजणे ही फार जुनी विद्या आहे. कैरो येथे नाईल नदीतील रोदा बेटावर अब्बासी खलिफा मुतवक्किल यांच्या काळात, हि. २४७ म्हणजे इ.स. ८६१ मध्ये, 'मिक्यास' बांधला गेला. विहिरीसारख्या खोल बांधकामाच्या मध्यभागी खुणा केलेला स्तंभ, अशी त्याची रचना आहे. पाणी सोळा हातांपर्यंत चढले म्हणजे खराज पूर्ण वसूल करावयाचा. त्याहून कमी चढले तर दुष्काळ आणि फार वर गेले तर नासाडी, असा हिशेब असे. स्तंभावरील खुणेला शेताशी व सरकारी तिजोरीशी जोडलेले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडील पट्टीवरची खूण मात्र पुष्कळदा पट्टीवरच राहते.

पातळी आणि विसर्ग

पातळी म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. ती कशापासून मोजली आहे हे प्रथम पाहावे. भंडाऱ्याजवळ कारधा येथील पुलावर वैनगंगेची इशारा पातळी २४५.०० मीटर व धोका पातळी २४५.५० मीटर आहे. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. नदी अडीचशे मीटर खोल आहे असा त्याचा अर्थ नव्हे. (विद्यार्थ्यांचा हा गैरसमज हमखास आढळतो.) उलट सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरतात; तेथील शून्य स्थानिक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी सुमारे ५७ फुटांवर गेले होते. या दोन ठिकाणच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना करावयाची ती प्रत्येक ठिकाणी धोक्याच्या खुणेपासून पाणी किती वर गेले याची.

विसर्ग म्हणजे एका सेकंदात वाहून जाणारे पाणी. एक घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे एक क्युमेक, हा सुमारे ३५.३ क्युसेक होतो. विसर्ग दुप्पट झाला म्हणून पातळी दुप्पट होत नाही. पाणी दोन्ही थडींच्या आत असते तोवर ते भराभर चढते. थडी ओलांडून सपाट शेतांत पसरले की चढण्याचा वेग मंदावतो. वस्तीचे नुकसान मात्र येथूनच वाढू लागते, कारण आता प्रत्येक वीतभर चढणीसोबत नवे मोहल्ले पाण्याखाली येतात. 'पाणी आता हळू चढते आहे' हे ऐकून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

ऑगस्ट २०२० चा पूर

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमधून पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांकडे जाते. सिवनी जिल्ह्यात तिच्यावर भीमगढ येथे संजय सरोवर आहे. कटंगीजवळ कुडवा येथे बावनथडी नदीवर मध्यप्रदेश व महाराष्ट्र यांचा संयुक्त राजीवसागर प्रकल्प आहे. ही नदीही वैनगंगेलाच मिळते. पेंचचे पाणी घेऊन येणारी कन्हान आणखी खाली येऊन मिळते. कटंगी आणि तुमसर ही दोन राज्यांतील गावे असली तरी पुराच्या दृष्टीने एकाच खोऱ्यातील शेजारी आहेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनी, छिंदवाडा व बालाघाट या भागांत अतिवृष्टी झाली व धरणांतून मोठा विसर्ग सोडावा लागला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. कन्हानकाठी कामठी व मौदा या भागांनाही झळ बसली. गोसेखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडण्यात आले आणि विसर्ग तीस हजार क्युमेकच्या घरात गेला. खाली ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखे गाव पाण्याने वेढले गेले.

गोसेखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. कारध्याची धोका पातळीही तीच! धरण भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे व त्याचा फुगवटा भंडाऱ्याकडे येतो. त्यामुळे पावसाळ्यात जलाशय किती भरू द्यावयाचा, हा सिंचनाचा प्रश्न असतो तसाच तो भंडाऱ्यातील घरांचाही असतो. सिंचनासाठी पाणी हवेच, परंतु जलाशयात जागा शिल्लक नसेल तर वरून येणाऱ्या लोंढ्याला पुढे सोडण्यावाचून मार्ग राहत नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसा नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने तेथे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. पूर अडविण्यासाठी जागा राखून ठेवणे हा त्यांचा मूळ हेतू होता, हे तलावाचे पाणी पिणारी पिढी विसरून जाते.

नुकसान कोणाचे?

पूर सर्वांना सारखा लागत नाही. नदीकाठची सखल जागा स्वस्त, म्हणून तेथे मजूर, विणकर, हातगाडीवाले राहतात. मातीची भिंत एकदोन दिवस पाण्यात राहिली की ढासळते. म्हणून पाणी किती चढले याइतकेच ते किती काळ राहिले, हेही महत्त्वाचे. शिधापत्रिका, गुणपत्रिका व दाखले भिजले की पुढे मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अडतात. विहिरी दूषित होतात, आणि अतिसार पाणी ओसरल्यानंतर येतो.

अध्यापकांसाठी एक उपक्रम

समजा, कारधा पुलाजवळील एका घराचे जोते २४६.१० मीटर उंचीवर आहे. धोका पातळीहून ६० सेंटिमीटर वर पाणी गेले की ते जोत्याला लागेल. ही वजाबाकी नववीच्या मुलालाही येते. जोत्याची उंची काढण्यास सर्वेक्षणाची डम्पी लेव्हल व जवळचा बेंचमार्क पुरतो. ज्या महाविद्यालयात बांधकाम पर्यवेक्षकाचा अभ्यासक्रम आहे, तेथे विद्यार्थ्यांकडून हे काम सहज होईल.

मात्र नदीचे पाणी तळ्यासारखे सपाट नसते, त्याला उतार असतो. पुलापासून काही किलोमीटर वरच्या अंगाला पाण्याची पातळी पुलावरील आकड्याहून जास्त राहते, म्हणून तेथे सरसकट वजाबाकी चालत नाही. अशा ठिकाणी वृद्धांना विचारून २०२० च्या पुराची भिंतीवरील खूण शोधावी व त्या दिवशीची पुलावरील पातळी तिच्याशेजारी लिहावी. कटंगी परिसरातील अध्यापकांना तर कारध्याचा आकडा उपयोगाचाच नाही. त्यांनी राजीवसागरचा विसर्ग व आपल्या नाल्यावरील पाणी यांची नोंद वेगळी ठेवावी.