शकाराचा ‘श’

ज्याचे उच्चार शुद्ध असतात, त्याचे ‘शीन-क़ाफ़ दुरुस्त आहेत’ असे आपण उर्दूत म्हणतो. एका प्राचीन संस्कृत नाटकात असे एक पात्र आहे, की त्याचा शीन कधीच जागेवर नसतो. जिथे ‘स’ हवा, तिथे तो ‘श’ म्हणतो. म्हणून त्याचे नावच शकार!

हे नाटक म्हणजे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’, अर्थात मातीची गाडी. गोविंद बल्लाळ देवल यांनी त्यावरूनच आपले मराठी संगीत नाटक लिहिले. मूळ नाटक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मोरेश्वर रामचंद्र काळे यांनी त्याची एक आवृत्ती तयार केली. ती १९२४ साली मुंबईत निघाली. मूळ नाटक, जुनी संस्कृत टीका, शब्दशः इंग्रजी भाषांतर आणि टिपा, असे सारे एकाच पुस्तकात! असे पुस्तक हाती आले, की मूळ ओळ सोडून सरळ भाषांतर वाचण्याचा मोह होतो. गोष्ट तर कळते, मग बिघडले कुठे?

आता शकाराकडेच पाहा. तो राजाचा मेहुणा आहे. श्रीमंत, मूर्ख आणि दुष्ट. पहिल्या अंकात तो रात्री रस्त्यावर वसंतसेनेचा पाठलाग करतो आणि म्हणतो, की तू रामाला घाबरलेल्या द्रौपदीसारखी पळतेस! राम कुठला, द्रौपदी कुठली! हा विनोद कोणत्याही भाषेत सांगा, लोक हसतील. पण त्याच वेळी तो वसंतसेनेला ‘वशंतशेणिआ’ म्हणतो, ते भाषांतरात कसे आणणार? इंग्रजीत तिचे नाव नीट छापले जाते आणि हसू नाहीसे होते.

या नाटकात चारुदत्त संस्कृत बोलतो, तर विदूषक, नोकर आणि बहुतेक स्त्रिया निरनिराळ्या प्राकृत बोली बोलतात. कोण कसा बोलतो, यावरून माणूस ओळखू येतो. भाषांतरात मात्र सारे एकाच भाषेत बोलू लागतात. प्राकृत वाक्यांचे संस्कृत रूपही अशा पुस्तकांत देतात. त्याला ‘छाया’ म्हणतात. तिथेही शकाराचा ‘श’ पुसला जातो.

रोममधील लॅटिन विनोदी नाटकांचेही तसेच आहे. ती शिकणाऱ्यांसाठी डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी पुस्तके निघाली. प्लॉटस या नाटककाराच्या एका नाटकात कार्थेजचा एक व्यापारी रंगमंचावर येऊन चक्क स्वतःच्या भाषेत बोलू लागतो. त्याची गंमत डाव्या पानावरच कळते.

तुम्ही स्वतःच करून पाहा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक घरांत दखनी बोलतात. तिथे ‘क़लम’चे ‘ख़लम’ होते आणि मराठीतून आलेले ‘नक्को’ तर पावलोपावली ऐकू येते. आजीचे ‘नक्को’ असलेले एखादे वाक्य वहीत लिहा. शेजारी त्याचे पुस्तकी उर्दू लिहा, त्यापुढे मराठी लिहा. मग तिन्ही वाक्ये वर्गात मोठ्याने वाचा आणि मुले कोणत्या वाक्याला हसतात ते पाहा.